चार सेकंदांची सही

वत्सला केळुसकर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी रोज तिच्या नावाने शे-दीडशे सह्या होत होत्या. त्यात आता कुणाला नवल वाटत नसे. मोठमोठ्या मुक्त प्रोग्रॅमांचे राखणदार थकले, की त्यांच्या जन्मभराच्या होकार-नकारांवरून संगणकात एक 'निवाडाछाया' घडवली जाई. पुढे ती त्यांच्यासारखाच विचार करून, त्यांच्याच नावाने निवाडे देई. जबाबदारी मात्र माणूस जिवंत असेतो माणसाचीच.

वत्सलाने राखलेल्या प्रोग्रॅमचं नाव 'गोडवा'. मधुमेह्यांच्या अंगावरच्या पंपाने इन्शुलिन कधी आणि किती सोडायचं, ते तो ठरवी. गोडवा कुणाच्या मालकीचा नव्हता. कुणीही दुरुस्ती पाठवावी, आणि राखणदाराने वाचून सही केली तरच ती आत जावी. अशा दुरुस्तीला ही मंडळी पहिल्यापासून ठिगळ म्हणत.

त्या दिवशी दुपारी चारला छायेची देखभाल करणाऱ्या रेवती पाटणकरचा फोन आला.

"मावशी, लोबोकाकांच्या नव्या ठिगळात चूक आहे. दोन डोसांमधलं अंतर तपासणारी ओळच उडालीय. पंप लागोपाठ दोन डोस सोडेल. साखर एकदम उतरली तर माणूस जागचा उठायचा नाही. छायेने सही केलीय, आणि सहाला ते चाळीस हजार पंपांत उतरेल."

"छायेने वाचलं नाही?"

"नाही ना. बाकी सगळ्यांचं ती अक्षर न् अक्षर वाचते, स्वल्पविरामावरून परत पाठवते. पण छायेला आपण नियम शिकवत नाही. तुम्ही कशा वागलात ते बघून ती शिकते. लोबोकाकांच्या ठिगळांवर तुम्ही सरासरी चार सेकंदांत सही करत होतात. तिने तेच उचललं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तीस वर्षांपूर्वी डॉमिनिक लोबोच्या दहा वर्षांच्या मधुमेही लेकीसाठी, फेल्सीसाठी, दोघांनी गोडवा लिहायला घेतला, तेव्हा ही वेंगुर्ल्यात आणि तो सावंतवाडीत. वीज गेली की काम थांबायचं. आली की पहिला निरोप त्याचा: वर ठिगळ, आणि खाली आज घरी कसलं कालवण आहे ते. एकदा तिने विचारलं होतं, नीट वाचून बघू का? तो म्हणाला होता, "माझां हा मा? मगे वाचूक कित्याक होयां? सही कर." त्याचं आहे, मग वाचायचं कशाला! तिने केली. त्यात चूक निघाली नाही, पुढच्यातही नाही, आणि मग तीच रीत पडली. किती सुखाचे दिवस होते ते, असं तिला या घटकेलाही वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली. फेल्सीच्या पोटावर आजही गोडव्यावरच चालणारा पंप होता.

थांबवणं सोपं होतं. सही मागे घ्यायची आणि कारण लिहायचं. छाया त्या कारणावरूनही शिकणार. 'लोबो आता भरवशाचे नाहीत' असं लिहिलं, की डॉमिनिकचं नाव कायमचं बाद. हल्ली त्याला वार आठवत नसे, पण सकाळी उठून ठिगळ लिहायला बसायचं, एवढं तो विसरला नव्हता. तेही काढून घेतलं तर तो उठणार कशासाठी?

"मावशी, वेळ जातोय."

वत्सलाने सही मागे घेतली आणि लिहिलं: 'लोबोंचं एकही ठिगळ मी कधी वाचलं नाही. चूक माझी.'

ठिगळ थांबलं. मिनिटभराने छायेचं उत्तर आलं, वत्सलाच्याच जुन्या तुसड्या भाषेत: 'न वाचता सही करणाऱ्याची सही आपण धरत नाही. मी तुमच्यावरून घडले आहे. माझीही धरू नये.' त्यानंतर छाया आपणहून बंद झाली.

"आता सगळं कोण वाचणार?" रेवतीने विचारलं.

"ज्याचं काम तोच. मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सावंतवाडीला गेली. डॉमिनिकच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि न वाचता सही केलेलं सगळं पहिल्यापासून वाचून पुन्हा सही करायची म्हणून त्याचं तीस वर्षांपूर्वीचं पहिलं ठिगळ उघडलं. त्याने चष्मा चढवला आणि ओळीवर बोट ठेवत बराच वेळ वाचलं.

"बरां लिवल्यान हा," तो म्हणाला. "कोणाचां गो ह्यां?"

"तुझांच."

"माझां?" तो हसला. "मगे वाचूक कित्याक होयां? सही कर."

तिचं बोट सहीच्या बटणावर जाऊन टेकलंसुद्धा होतं.