चौथा घाव

चार सिलेंडरच्या गाडीने तीनवर चालायचं ठरवलं, की मिस्त्रीचं डोकं कामातून जातं. हैबतरावांचं गुरुवारी सकाळीच गेलं होतं, आणि आता शुक्रवारची दुपार होती.

रविवारी कात्रजच्या चढावर पुण्याच्या मोटार क्लबची शर्यत होती. आजवर हैबतराव तिथे पाना घेऊन जात. गाडी त्यांनी बांधायची, चालवायची गाडीच्या मालकांनी, म्हणजे डॉक्टरांनी, आणि हार घालून फोटोही डॉक्टरांनीच काढून घ्यायचा. यंदा ऐन मे महिन्यात डॉक्टरांचा हात मोडला, तेव्हा कुठे नाइलाजाने चालकाच्या रकान्यात हैबतरावांचं नाव लागलं. त्रेचाळिसाव्या वर्षी अशी संधी परत चालून येत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

सरावाला त्यांनी मुळशीच्या धरणाकाठचा रस्ता निवडला होता. दिवसाकाठी एक एसटी आणि पाचसहा बैलगाड्या, एवढीच वर्दळ. बहिरूने रस्त्यालगतचा गोठा रिकामा करून दिला होता. हा बहिरू रस्त्याच्या कामावरचा मजूर, कमी बोलणारा, आणि गाडी ढकलायला दोघांना भारी. गोठ्यासमोरच उतार लागत होता. पाणी आटून खाली गेलं होतं आणि धरणात बुडालेल्या जुन्या गावाची जोती उघडी पडली होती. भेगाळलेल्या चिखलाचा शेवाळी वास दुपारच्या वाऱ्याबरोबर वर येत होता.

पुण्यात या गाडीने एक ठोका चुकवला नव्हता. इथे आणली, आणि चौथा सिलेंडर रुसला.

हैबतरावांनी पॉइंट घासले. कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण बदललं. चौथ्याचा प्लग पहिल्यात घातला आणि पहिल्याचा चौथ्यात. खोट प्लगमध्ये असती तर ती प्लगबरोबर पहिल्यात गेली असती, पण ती चौथ्यातच ठाण मांडून बसली. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन फिरवलं, तर अंगठा उडाला. ठिणगी निळी, कडक पडत होती. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे, मग पेटायला काय धाड भरली आहे, असं त्यांनी इंजिनाला दोनदा सरळ विचारलं आणि तिसऱ्यांदा शिवी घालून विचारलं.

मग त्यांनी चौथ्याचा प्लग पुन्हा काढला. न पेटणारा प्लग पेट्रोलने ओला असतो. हा खडखडीत कोरडा होता, आणि त्याच्या टोकाला काहीतरी भुरकट चिकटलं होतं. त्यांनी ते बोटांत चोळलं. पिवळसर, बारीक, कातडीला टोचणारं. भाताचा कोंडा होता तो.

"इथे भात ठेवता काय रे तुम्ही?" त्यांनी बहिरूला विचारलं.

"न्हाई मिस्तरी. आता भात पौडला गिरनीत जातं. हितं कोंडा कुटला?"

"मग हे काय आहे, तुझं कपाळ?"

बहिरूने कोंडा पाहिला आणि धोतराला हात पुसले. हैबतरावांनी प्लग साफ करून पुन्हा आवळला, गाडी चालू केली. तीन ठोके आणि एक भोक. तीन ठोके आणि एक भोक. ऐकून ऐकून त्यांचे दात शिवशिवायला लागले होते.

तेवढ्यात बहिरूची आई, गोजराबाई, पाण्याची कळशी घेऊन आली. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. रोज यायची तशी आली, पण आज कळशी ठेवून गेली नाही. मान कलती करून इंजिनाकडे बघत राहिली. हैबतरावांच्या लक्षात आलं की तिची उजवी मूठ किंचित वरखाली होते आहे. जिथे ठोका गळत होता, नेमकी तिथे.

"चवथा घाव रिकामा सोडलाय," ती म्हणाली.

"कसला घाव, मावशी?"

"कांडनाचा. आमी चौघी जावा. सारजा, तुळजा, चंद्रा आन मी. आमचं उखळ लई थोरलं, एकाच उखळात चार मुसळं. कुनी माह्यारी गेली, कुनी भायेर बसली, तरी बाकीच्यांनी तिच्या जागंवर घाव घालायचा न्हाई. तिचा घाव रिकामा सोडायचा. ती माघारी आली, की तितंच तिनं मुसळ घालायचं."

"आणि आता कुठे आहेत त्या?"

"उखळ तितं हाय." तिने खालच्या जोत्यांकडे हात केला. "तिघी गेल्या. चंद्रा ह्या शिमग्याला गेली. चवथा घाव माजा."

हैबतरावांना भुताखेतांत रस नव्हता, रविवारात होता. त्यांनी शेवटची परीक्षा घ्यायची ठरवली. चालू इंजिनाच्या प्लगची वायर काढली की चांगल्या सिलेंडरचा आवाज पडतो, आणि मेलेल्याची काढली तर काहीच फरक होत नाही. चौथ्याची काढली. काहीच फरक झाला नाही. वायरच बदलू म्हणून त्यांनी ती दोन्हीकडून सोडवून खिशात कोंबली. मग तिसऱ्याची काढली, दुसऱ्याची, पहिल्याची. इंजिन थांबलं.

ठोके थांबले नाहीत.

ते आता संथ होते आणि खालून येत होते. धप्. धप्. धप्. मग तेवढीच रिकामी जागा.

"बायका धुणं आपटत असतील," हैबतराव म्हणाले.

"पानी तितनं दोन फर्लांग म्हागं गेलंय, मिस्तरी," बहिरू म्हणाला. खाली कुणीही दिसत नव्हतं.

दोन दिवसांचा सगळा वैताग हैबतरावांच्या तोंडातून बाहेर पडला. "मग जा की मावशी, घाल एकदाचा तुझा घाव. त्यांचं कांडण होऊ दे आणि माझी गाडी सुटू दे."

बोलल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण गोजराबाईला राग आला नव्हता.

"खरं हाय," ती म्हणाली. "लई वाट बघाय लावली मी." आणि कळशी तिथेच ठेवून घरात गेली.

हैबतरावांनी उरलेल्या तीन वायरी लावल्या, बॉनेट आपटलं आणि त्या दिवशी पुन्हा गाडीला हात लावला नाही.

शनिवारी उजाडताच त्यांनी स्टार्टर दाबला. इंजिन चारही ठोक्यांवर पेटलं.

ते तसेच बसून ऐकत राहिले. मग गाडी रस्त्यावर काढली, वळणापर्यंत नेली, परत आणली, पुन्हा नेली. एक ठोका चुकला नाही. कात्रजचा चढ त्यांना समोर दिसायला लागला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने आलं नव्हतं.

परतताना बहिरू रस्त्यात उभा होता.

"मिस्तरी, आये दिसली का कुटं? आथरून मोकळं हाय. कोपऱ्यातलं मुसळ बी न्हाई."

इंजिन बंद करायचा त्यांना धीर झाला नाही. ते तसंच चालू ठेवून हैबतराव बहिरूबरोबर उतारावरून खाली गेले.

उखळ एका जोत्याशेजारी होतं. त्यात पांढरेशुभ्र तांदूळ होते. बहिरूने हात घातला आणि झटकन काढला. तांदूळ कोमट होते.

चिखलात अनवाणी पावलं उखळापर्यंत आली होती. परत गेलेली दिसत नव्हती. उखळाभोवतीची माती चारही बाजूंनी तुडवली गेली होती.

बहिरू हाका मारत पाण्याकडे धावला.

हैबतराव वर आले. कपाळ पुसायला रुमाल काढावा म्हणून त्यांनी खिशात हात घातला. हाताला वायर लागली.

इंजिन मागे चालूच होतं. चारही ठोक्यांवर.

त्यांनी बॉनेट उचललं. चौथ्या प्लगचं टोक उघडं होतं.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

खाली बहिरूची हाक मध्येच तुटली. त्यालाही ऐकू आलं असावं.

धप्. धप्. धप्. धप्.

आता मध्ये कुठेही जागा रिकामी नव्हती.