नऊ पॅनेलं, एक बादली

बुधवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी घड्याळजी घरामागच्या बोळात मृतावस्थेत सापडले. वय एकोणसत्तर. बोळ चार फूट रुंद, वर दोन मजले आणि गच्ची. पाहिलं ते त्यांच्या मुलीने. ती कामावरून आली, वडील घरात दिसले नाहीत, म्हणून तिने मागच्या खिडकीतून खाली डोकावलं.

गच्चीवर नऊ सोलर पॅनेलं होती. शेजारी एक बादली आणि लांब दांड्याचा पोछा. पॅनेलं धुताना तोल गेला, असं फौजदारांनी लिहून घेतलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता वीज कंपनीची मीटर तपासनीस आली. छपरावरच्या पॅनेलांपाशी माणूस दगावला की कंपनीचा एक फॉर्म भरावा लागतो. शेवटी दोन चौकोन असतात. 'यंत्रणा सुरू ठेवावी' आणि 'यंत्रणा उतरवावी'. अकरा वर्षांत तिने असे चार फॉर्म भरले होते. चारही वेळा खूण दुसऱ्या चौकोनात पडली होती. सगळे तिला मीटरबाई म्हणत. फोन उचलला की तीही तेच म्हणे.

दारात घड्याळजींचा धाकटा भाऊ उभा होता. तळमजला त्याचा, वरचा मजला घड्याळजींचा, गच्ची सामाईक. चौकात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं.

"बाई, लवकर उरका," तो म्हणाला. "सोमवारी माणसं बोलावलीत मी. उतरवून टाकू हे सगळं. एक जीव घेतला, पुरे झालं."

"तुम्ही दुपारी कुठे होता?"

"घरी. साडेअकरा ते अडीच दुकान बंद असतं माझं. जेवलो, पडलो जरा. वरचं काही ऐकू येत नाही खाली."

गच्चीचा जिना मागच्या अंगणातून, म्हणजे तळमजल्याच्या बाजूने वर जात होता. एकवीस पायऱ्या, कठडा नाही. जिन्याखाली दुकानातला जादा माल रचला होता. दोरखंड, घमेली, निळ्या ताडपत्रीची एक घडी, चार विटा.

वर तिने आधी काही बघितलं नाही. पॅनेलांवरून बोट फिरवलं. काच स्वच्छ होती, नवव्या पॅनेलच्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. सातव्याच्या काचेवर मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा पसरला होता. पहिल्या तीन पॅनेलांच्या चौकटीवर, चार टोकांना, लालसर घासल्याच्या खुणा होत्या. बादली अर्धी भरलेली.

"चपला?" तिने मागोमाग वर आलेल्या फौजदारांना विचारलं.

"पायात होत्या. एक पायात, एक बोळात. का?"

"कपडे ओले होते?"

"कोरडे. पाच वाजेपर्यंत वाळणारच की ते."

तिने फोटो काढले आणि ती खाली उतरली.

वरच्या मजल्यावर घड्याळजींची बायको पलंगावर होती. पलंगाशेजारी श्वासाचं यंत्र. त्याची नळी नाकाशी. दर चार सेकंदांनी यंत्र उसासा टाकायचं. मुलगी स्टुलावर बसली होती. तिने रात्रभर कपडे बदलले नव्हते.

"हे यंत्र याच विजेवर?" मीटरबाईने विचारलं.

"दिवसा पॅनेलांवर. उरलेली वीज कंपनीला जाते, तिचे पैसे येतात. त्यातून यंत्राचं भाडं जातं. पॅनेलं उतरली तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "काकांना मजला चढवायचाय. त्यांच्या मुलाचं लग्न ठरतंय. पण बाबांनी दहा वर्षांचा कागद करून घेतला होता दोघांच्या सहीने. पॅनेलं चालू असेपर्यंत गच्चीवर बांधकाम नाही."

"किती वर्षं झाली?"

"तीन."

"बाबा पॅनेलं कधी धुवायचे?"

"दर रविवारी, उजाडायच्या आत. पण गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून जिना बंद. तीन आठवडे झाले असतील. पॅनेलं बसवणारे फिटरकाका माणूस पाठवतो म्हणाले, तो काही आला नाही."

"मग काल कशाला गेले वर?"

मुलीने मान हलवली. पलंगावरून आवाज आला, नळीमागून.

"खालचा डबा बघून गेले."

डबा म्हणजे जिन्याजवळच्या भिंतीवरचा इन्व्हर्टर. पॅनेलांची वीज आधी तिथे येते, आणि किती आली ते काचेवर आकड्यात दिसतं.

"काय म्हणाले जाताना?"

"म्हणाले, आज बघतोच. चहा ठेवलेला तसाच राहिला."

मुलीने ड्रॉवरमधून वही आणून दिली. घड्याळजींनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं लावली होती, वहीही तशीच होती. आठ, बारा, चार. तीन वेळा, तीन आकडे, बारीक अक्षर. गेल्या पाच आठवड्यांत बाराचा आकडा खाली आला होता. एके ठिकाणी समासात लिहिलं होतं: 'फिटर म्हणतो ढग. ढग रोज बाराला येत नाहीत.'

फिटर पोलीस चौकीत बाकावर बसला होता. घड्याळजींचा शेवटचा फोन त्याला गेला होता, आणि गेल्या महिन्यात दोघांची भर रस्त्यात वादावादी झाली होती. फौजदारांना तेवढं पुरेसं वाटत होतं.

"काय बोलले फोनवर?" मीटरबाईने विचारलं.

"अकरा पन्नासला आला. म्हणाले, आत्ता आकडा परत पडलाय, तू येतोस की मी जाऊ? मी म्हटलं काका, संध्याकाळी येतो. ठेवला त्यांनी."

"भांडण कशाचं?"

"वीज कमी येते म्हणून. माझ्या मालाला नावं ठेवली त्यांनी चारचौघांत. मीही बोललो. खोटं कशाला सांगू."

तिने त्याला सातव्या पॅनेलचा फोटो दाखवला. फिटरने तो बराच वेळ बघितला.

"भर दुपारी पाणी घातलंय हे. तापलेल्या काचेवर गार पाणी. हे कुणी केलं?"

"घड्याळजींनी, असं म्हणतात."

"शक्यच नाही. बसवली त्या दिवशी मी सांगितलं होतं, ऊन आलं की पाण्याला हात लावायचा नाही. त्यानंतर त्यांनी मला दोनदा फोन करून विचारलं, ऊन म्हणजे नक्की किती वाजता."

फौजदार हसले. फिटर हसला नाही.

बोळाच्या पलीकडे शिंप्याचं दुकान होतं. त्याची खिडकी पत्रा ठोकून बंद केलेली.

"धप्पकन आवाज आला," शिंपी म्हणाला. "रेडिओवर बाराच्या बातम्या संपल्या आणि जाहिरात लागली, तेव्हा. म्हणजे बारा दहा."

"बघितलं नाहीत?"

"त्यांच्याकडे रोज काही ना काही आपटतं. लोखंडाचं दुकान आहे. म्हटलं पडलं असेल पोतं." त्याने सुईत दोरा ओवला. दोन वेळा चुकला. "पोतं म्हणालो मी."

दुपारी मीटरबाईने इन्व्हर्टरला वायर लावून त्याच्या नोंदी काढल्या. दर पंधरा मिनिटांना एक आकडा, असे पाच आठवडे. मग ती दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत गेली. तिथल्या छतावर त्याच फिटरने तसलीच पॅनेलं बसवली होती. त्यांच्याही नोंदी घेतल्या. रात्री जेवताना दोन्ही कागद ताटाशेजारी ठेवले. नवऱ्याने विचारलं, काय आहे. ती म्हणाली, ऊन.

शुक्रवारी चार वाजता धाकट्याच्या बैठकीच्या खोलीत चौघे बसले. धाकटा, फौजदार, मीटरबाई आणि मुलगी. फॉर्म टेबलावर होता. चौकोन रिकामे.

"सही राहिली का अजून?" धाकट्याने विचारलं.

"आधी हे ऐका," मीटरबाई म्हणाली. ती कागदावरून वाचत होती, आवाज चढवत नव्हती. "बुधवारी पावणेबारापर्यंत सगळं नेहमीसारखं. पावणेबाराला वीज एकदम तिसऱ्या हिश्शाने कमी झाली. नऊपैकी तीन पॅनेलं झाकली तर बरोबर एवढीच कमी होते. बारा दहाला शिंप्याने आवाज ऐकला. साडेबाराच्या नोंदीत वीज परत पूर्ण. एक ते दीड थोडी वर-खाली. पावणेदोनला पूर्वीपेक्षा बारा टक्के जास्त."

"ढग असेल," धाकटा म्हणाला.

"शाळेच्या छतावर त्या दिवशी ढग नव्हता. रेघ सरळ आहे."

फौजदार पुढे सरकले. "बारा टक्के जास्त म्हणजे?"

"तीन आठवड्यांची धूळ निघाली. पॅनेलं धुतली गेली. पण एक ते दीडच्या दरम्यान. तोवर घड्याळजी पाऊण तास बोळात पडले होते."

वरच्या मजल्यावरचं यंत्र इथे ऐकू येत होतं. दर चार सेकंदांनी.

"म्हणजे वरचं ऐकू येतं खाली," मुलगी म्हणाली.

"बादली दाखवायची तर काच धुतलेली हवी, असं कुणाला तरी वाटलं," मीटरबाई पुढे म्हणाली. "फिटरने ते दुपारी केलं नसतं, त्याला काचेची जात माहीत आहे. घड्याळजींनीही केलं नसतं. ज्याने ही पॅनेलं कधी धुतली नव्हती, त्याने धुतली. शिवाय हे झाकणं एका दिवसाचं नाही. पाच आठवडे, रोज पावणेबारा ते सव्वादोन. मध्ये फक्त चार दिवस खंड आहे. आठ ते अकरा तारीख."

मुलीने काकांकडे पाहिलं. "तुम्ही माल आणायला बाहेरगावी गेला होता तेव्हा. काकू सांगत होती."

"ताडपत्री जिन्याखाली आहे," मीटरबाई म्हणाली. "विटाही. त्यांची लाली चौकटीवर घासली गेली आहे. वीज कमी आली, पैसे कमी आले, की दादा स्वतःच कंटाळून पॅनेलं काढेल, असं वाटलं तुम्हाला. कागद मोडायची गरज नाही. एवढंच होतं ना?"

धाकट्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले.

"एवढंच होतं," तो म्हणाला.

"बुधवारी काय झालं?" फौजदारांनी विचारलं.

"दादा वर आला. मला वाटलं नव्हतं तो चढेल. शिव्या नाही, काही नाही. ताडपत्रीचं टोक धरलं आणि ओढायला लागला. दुसरं टोक माझ्या हातात होतं. दोघं ओढत होतो. लहानपणी चादर ओढायचो तसं."

"मग?"

"मग तो मागे गेला."

"तुम्ही टोक सोडलंत?"

"ते मला सांगता येत नाही."

"ढकललंत?"

"हात लावला नाही मी त्याला."

"खाली जाऊन बघितलंत?"

"वरून बघितलं. हलत नव्हता. ताडपत्री घडी करून खाली आणली. बायकोने ताट वाढलं होतं. जेवलो. मग बादली घेऊन गेलो."

"जेवलात," मुलगी म्हणाली. विचारल्यासारखं नाही, आकडा उतरवून घेतल्यासारखं.

"काय जेवलो ते आठवत नाही, पोरी."

ती उठली आणि वर गेली. आईची औषधाची वेळ झाली होती.

मीटरबाईने फॉर्म पुढे ओढला. पहिल्या चौकोनात खूण केली, सही केली, खाली वेळ लिहिली. चार वाजून बावन्न मिनिटं. फौजदारांनी धाकट्याला चप्पल घालायला सांगितलं. त्याने डावी उजव्या पायात घातली, काढली, परत घातली.

डॉक्टरांचा अहवाल शनिवारी आला. डोक्याला मार, मृत्यू बारा दहा ते तीनच्या दरम्यान. याहून नेमकी वेळ देता येत नाही. काच धुतली जात असताना खाली बोळात माणूस जिवंत होता की नाही, ते अहवालात नाही. गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवायचा, यावर अजून निर्णय झालेला नाही.

फिटरने सातवं पॅनेल वेगळं काढलं आहे. सोमवारी उरलेल्या आठांनी साडेअकरा युनिट वीज तयार केली. यंत्राला लागली ती वजा जाता बाकी कंपनीकडे गेली. तिचे पैसे महिनाअखेर जमा होतील, घड्याळजींच्या नावावर. नाव बदलण्याचा अर्ज अजून कुणी दिलेला नाही.