साठ सेकंद गप्प

पहिल्या भेटीतच त्यानं मला गप्प केलं. तेही भर दुपारी, शिंप्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर!

आमचं तरुणांचं रेडिओ केंद्र म्हणजे वाचनालयाच्या माळ्यावरच्या दोन खोल्या. तिथं नवा रेकॉर्डिस्ट आलाय, एवढंच मला ठाऊक होतं. शिंपीकाकांची मुलाखत संपवून मी म्हटलं, "चला, आटोपलं!" तर या महाशयांनी डोक्यावरचे हेडफोनही न काढता तळहात वर केला.

"एक मिनिट. कुणी बोलू नका."

"का पण?"

"खोलीची शांतता हवीय."

झालं! शिलाई मशीन बंद, वर पंखा तेवढा फिरतोय, आणि आम्ही सगळे खांबासारखे उभे. विसाव्या सेकंदाला मला हसू फुटलं.

"परत," तो म्हणाला.

मग कळलं, हे याचं नेहमीचंच. प्रत्येक जागेची शांतता म्हणे वेगळी असते. कुणाचं बोलणं कापलं, की मधल्या फटीत त्याच जागेची शांतता भरायची, नाहीतर ऐकणाऱ्याला ठेच लागते. बेकरीत एक मिनिट, घड्याळजीकडे एक मिनिट... मी त्याचं नाव मिनिटराव ठेवलं. घरी आईपाशी तणतणले, तर ती म्हणते कशी, "अगं, तुला मिनिटभर गप्प बसवतो? त्याला जेवायलाच बोलव!"

नुसता वैताग. पण खरं सांगू? पुढे पुढे मी मुलाखतीपेक्षा त्या मिनिटाचीच वाट पाहायला लागले. तेव्हा तो डोळे मिटून ऐकायचा, आणि मला त्याच्याकडे बिनधास्त बघता यायचं. बघितलं की काहीतरी बोलावंसं वाटायचं... आणि मिनिट बिघडायचं.

आणि हा माणूस स्वतः बोलेल तर शपथ! जिन्यात आम्ही दोघंच असलो, तरी हा म्हणणार, "उद्या लांब केबल आण."

जगभरातली तरुण मंडळी त्या शनिवारी आपापले कार्यक्रम बनवून एकमेकांना पाठवणार होती. आमचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम पाचच्या आत जायला हवा होता. आणि सोमवारी मिनिटराव दुसऱ्या शहरात नोकरीवर निघणार होते. ही बातमी मला कशी दिली माहितेय? "सोमवारपासून मायक्रोफोन तूच पुसून ठेव." बस्स! तीन दिवस मी धुमसत होते. शनिवार उजाडला. आज बोलला तर बोलला, नाहीतर कायमचा गेला.

साडेचारला तो म्हणाला, "आपल्या स्टुडिओचं मिनिट राहिलंय. सात वेळा घेतलं. सातही वेळा तू बोललीस."

"मग घे आठव्यांदा!"

लाल दिवा लागला. त्यानं डोळे मिटले. मी ओठ घट्ट दाबून घड्याळाकडे बघत राहिले. दहा... वीस... चाळीस...

"तू मला आवडतेस," मिनिटराव म्हणाले.

डोळे मिटलेले. दिवा अजून लाल!

माझ्या छातीत असं धडधडलं, की तेसुद्धा रेकॉर्ड होईल असं वाटलं. आणि त्याहून जास्त, मला राग आला. चार महिने तोंडाला कुलूप, आणि उघडलं ते नेमकं आत्ता? मी त्याच्यासारखाच तळहात वर केला. उरलेले वीस सेकंद हूं की चूं केलं नाही.

"परत," मी म्हणाले.

त्यानं डोळे उघडले. कान लालभडक झाले होते. "पण... तू काही बोलणार नाहीस?"

"रेकॉर्डिंगच्या वेळी? छे! आधी मिनिट. उत्तर नंतर."

दिवा पुन्हा लागला. या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत. खुर्चीत चुळबुळला, काकुळतीनं माझ्याकडे बघत राहिला. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, सलग दुसरं मिनिट गप्प बसले. त्याला कळू दे, कसं वाटतं ते!

साठ. त्यानं घाईघाईनं बटण दाबलं.

"मलाही," मी म्हटलं. "आणि रोज फोन करायचा. फोनवर मिनिटभर जरी गप्प बसलास, तर गाठ माझ्याशी आहे!"

तो हसला... मोठ्यानं, अगदी मायक्रोफोनच्या तोंडावर.

पाचला दोन मिनिटं असताना आमचा कार्यक्रम गेला. मग सवयीनं तो बिघडलेलं आठवं मिनिट पुसायला निघाला.

मी त्याचा हात धरला.