दाराआडचे तीन ठोके

जालन्याच्या मस्तगडातला दीनानाथ आमचा शेजारी, मोठा इंजिनिअर. पोरांनो, हे सांगताना तो लहान मुलासारखा रडला होता, म्हणून मी ते खरं धरतो.

तारीख अकरा डिसेंबर १९९३. परदेशी कामावर मेलेल्या भुजंगची पत्र्याची पेटी त्याच्या आईला पोचवायला दीनानाथ मोटारीने हसनाबादला निघाला. निघायचं होतं दुपारी, पण चहावर चहा घेत त्याने रात्रीचे अकरा वाजवले. त्या माउलीला तोंड कसं दाखवायचं, हाच घोर.

परदेशात समुद्राखालचा बोगदा खोदायला एक अजस्र यंत्र बनलं होतं. पुढे पोलादी दातांची चकती, तिच्यामागे एक खोली. त्या खोलीचं दार दीनानाथने आखलं आणि भुजंगने जोडलं. जालन्याच्या कारखान्यातला हा वेल्डर दीनानाथनेच हट्टाने सोबत नेला होता. दात बदलायला माणूस आत गेला की दार बंद. मग हातोडीची खूण. एक ठोका म्हणजे ठीक आहे. तीन ठोके म्हणजे उघडा.

एके दिवशी भुजंग आत असताना समुद्राचं पाणी घुसलं. तीन ठोके आले. दीनानाथचा हात दाराच्या चाकावर होता. उघडलं तर पाणी आपल्यावर येणार. पुन्हा तीन ठोके. त्याने हात काढून घेतला.

दार टिकलं. साहेबांनी पाठ थोपटली. अहवालात त्याने लिहिलं, 'ठोके आले नाहीत.' आईला कळवलं, 'झटक्यात गेला.' भुजंग यंत्रासकट तिथेच राहिला.

वाटेतलं राजूर मागे पडलं तेव्हा पावणेबारा झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

ठक. ठक. ठक.

डिक्कीतून.

पेटी हलली असेल... त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

ठक. ठक. ठक.

त्याला पळावंसं वाटलं. पळाला नाही. मागे गेला... आणि या वेळी त्याने उघडलं.

पेटी. कोरडी. बाकी काही नाही.

फक्त अंगाला घासून काहीतरी गार पुढे, मोटारीच्या दाराकडे गेलं...

हसनाबादला भुजंगची आई चतुराबाई ओसरीवर बाजेवर जागीच होती.

"एवढ्या राती आलात, सायेब?"

"मावशी, भुजंगने ठोके दिले होते. मी ऐकले. मीच दार उघडलं नाही."



"लय भेला व्हता का हो त्यो?"

दीनानाथने तिचे पाय धरले.

"निजा आता," ती म्हणाली. "मला काई बोलायचं न्हाई."

सकाळी तो उठला तेव्हा ती सारवलेल्या अंगणात उभी होती. हातातला झाडू तसाच. मोटारीच्या दारापासून तिच्या बाजेपर्यंत अनवाणी पावलांचे ठसे उमटले होते. वाळून पांढरे पडलेले. खाली वाकून तिने बोट टेकवलं, जिभेला लावलं.

"खारट हाय."

पावलं सगळी घराकडे आलेली. परत जाणारं एकही नव्हतं.