ती झोपलीय

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. हे माझ्या मावशीसोबत खरोखर घडलंय. तेही भर दुपारी, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात.

मावशी बेकरीत कामाला. पिठाची धूळ नाकात गेली की शिंका सुरू. त्या आठवड्यात तर नाक पार चोंदलं होतं.

औषधवाल्यानं बजावलं होतं, "ॲलर्जीच्या गोळीनं गुंगी येते. सर्दीच्या गोळीतही तसंच औषध असतं, दोन्ही एकत्र नकोत. आणि तुम्हाला बीपी आहे, नाक मोकळं करणारं काही घेऊच नका."

"साधी सर्दी तर आहे!" मावशी म्हणाली.

घरी आली. दोन्ही गोळ्या घेतल्या. फरक पडेना, म्हणून थोड्या वेळानं पुन्हा घेतल्या.

मग अंग बधिर झालं. तोंडाला कोरड. छातीत धडधड... पण ती जणू दुसऱ्याच कुणाची.

पलंग करकरला...

उशाशी काका बसले होते. मावशीचे यजमान. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

तिला भीती वाटली नाही. आनंदही नाही.

काहीच वाटलं नाही.

तेवढ्यात माझ्या आईनं तिला सहज फोन लावला. फोन उचलला गेला.

पलीकडे नुसता श्वास...

मग काकांचा आवाज. "ती झोपलीय. उठत नाहीये. तू ये."

आई अनवाणीच धावली. तिच्याकडे किल्ली होती. दार उघडलं.

घरात मावशी एकटी. हाका मारल्या, हलवलं... डोळे उघडेनात.

डॉक्टर म्हणाले, "बीपी भलतंच चढलंय. या गोळ्या जास्त झाल्या की भासही होतात. वेळेत आणलंत."

भास मावशीला झाला असेल. पण फोन तर आईनं ऐकला होता.

दोन दिवसांनी मावशी बोलती झाली. छताकडे बघत, सपाट आवाजात.

"हे आले होते गं."

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"केसांवरून हात फिरवत होते. म्हणाले, उठू नकोस. कुणी हाक मारली तरी डोळे उघडू नकोस. झोपूनच राहा."

आईनं तिच्या अंगावरची चादर नीट केली.

मावशी आता कामावर जाते. फोनचं तिला आम्ही सांगितलेलं नाही.

एक उशाशी, एक फोनवर. त्या दोघांतले काका नेमके कोणते, हे आई आणि मी एकमेकींनाही विचारत नाही.