एका ओळीत उत्तर

सुगराची मान दुसऱ्यांदा कलली आणि या वेळी थेट शेजारच्या माणसाच्या खांद्यावर टेकली. दचकून ती सरळ झाली.

"माफ करा हं..."

"असू दे की," तो म्हणाला. "झोप काय विचारून येती व्हय?"

त्याचं नाव इकबाल. शाहूपुरीत मामाच्या दुकानात शिलाई करायचा. आज तिच्यासारखाच कॉलेजच्या व्हरांड्यात प्रवेशअर्ज भरायला बसला होता.

एकाहत्तर सालचा जून. बाहेर सकाळपासून भुरभुर लागलेली. सुगरा कबनूरहून आली होती, पहाटे उठून घरातल्या कापडाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून. मॅट्रिक होऊन चार वर्षं झाली होती. आधी आईचं दुखणं, मग भावाचं लग्न, मग भावजयीचं बाळंतपण... शिकायचं तेवढं राहून गेलं. भावानं प्रवेशासाठी आता हे एवढंच वर्ष दिलं होतं. प्रवेश मिळाला नाही, तर मिरजेच्या स्थळाला होकार जाणार होता.

नाव, गाव, गुण सगळं लिहून झालं. अडलं ते शेवटच्या पानावर. नव्या प्राचार्यांनी यंदा काही प्रश्न घातले होते. आवडता पदार्थ? आवडता छंद? आवडती जागा? एका ओळीत उत्तर द्या.

"लिवा की," इकबाल म्हणाला. "पदार्थ कुठला?"

"जे उरंल ते."

तो हसला. ती हसली नाही, तसं त्याचं हसू विरलं.

"बरं... छंद?"

"वाचन लिवते. समदी तेच लिवत असतील."

"काय वाचता?"

"सामानाच्या पुडीचा कागद. गोष्टीचा शेवट कधी गावत न्हाय."

"मग हेच लिवा! असलं उत्तर त्यास्नी दुसरं कोण देणार?"

तिनं खरंच लिहिलं. पण जागेच्या प्रश्नापाशी पेन थांबलं. घरातली एक खोली मागाची, दुसरी चुलीची. झोपायची वळकटी मागाच्या कडेला...

"जिथं मागाचा आवाज येत न्हाय, अशी जागा," ती हळूच म्हणाली. "पर मी ती बघितलीच न्हाय."

"हितं येतोय का?"

सुगरानं कान दिला. कौलांवर पाऊस वाजत होता. कुठंतरी चिमण्या. बाकी काही नाही.

"न्हाय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. रात्ररात्र मशीन मारून त्याचेही डोळे लाल झाले होते. हसरे होते, पण थकलेले.

तिनं लिहिलं – या कॉलेजचा व्हरांडा.

सोमवारी यादी लागली. ती पोचली तेव्हा इकबाल फलकापाशीच उभा होता.

"तुमचं नाव लागलंय!"

"आणि तुमचं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "चार गुण कमी पडलं. मामाला बरंच झालं."

दोघं एसटी स्टँडपर्यंत चालत गेले आणि बाकावर बसले. तो हाताची बोटं मोडू लागला.

"चार वर्षं शिकाल न्हवं?"

"व्हय."

"शिकून झाल्यावर... मी तुमच्या भावाकडं आलो तर चालंल?"

"चार वर्षं थांबणार? कुणी सांगितलं थांबायला?"

"कुणी न्हाय. मलाच वाटतंय."

सुगरा पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली... कान मात्र तापले होते.

कबनूरची गाडी लागली. कंडक्टर ओरडू लागला. घरी सुताचा ढीग पडला असणार, भावजय दारात येऊन बघत असणार. सुगरा उठली. पिशवी काखेला लावली. दोन पावलं गेली – आणि मागं येऊन पुन्हा बाकावर बसली. आधीपेक्षा थोडी जवळ.

"पुढच्या गाडीनं जाईन," ती म्हणाली. "पाय लई दुखाल्यात."

इकबालनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नका," ती म्हणाली. "नुसतं बसा की जरा."