सोबतीचा अंगठा

केबिन रोडच्या हातगाडीवर वैजयंताने सहा लिंबं घेतली. किमोच्या दिवशी तोंडाला गंजल्यासारखी चव येते, लिंबू चाटलं की जरा बरं वाटतं, हे तिला पहिल्या खेपेला कळलं होतं.

"शरबत बनाना है क्या, ताई?" गाडीवाल्याने विचारलं.

"हां," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

खोटं बोलणं आता अंगवळणी पडलं होतं. ती स्टीलच्या डब्यांच्या गाळ्यात पॅकिंगला होती. पुण्यात नोकरीला असलेल्या लोकेशला, तिच्या एकुलत्या एका मुलाला, तिने ओव्हरटाइम चालू असल्याचं सांगून ठेवलं होतं. व्हिडिओ कॉल केला की नेटवर्क नाही. बुद्धपौर्णिमेनंतर त्याचं लग्न होतं. आईच्या छातीत गाठ आहे, डोक्यावरचे केस मूठमूठ गळतायत, हे पोराला आता कशाला सांगायचं?

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर चार खुर्च्यांचा किमोचा हॉल होता. आशा सिस्टरने सुई लावली, सलाइन सोडलं आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?"

मागच्या खेपेला गाळ्यातली संध्या आली होती. आज तिला सुट्टी मिळाली नव्हती.

"येतोय. खाली रिक्षा लावतोय."

"सोबतवाल्याची सही नाहीतर अंगठा झाल्याशिवाय किमोची लाल बाटली लावत नाही हां. नियम आहे." आशाने कागद आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि ती गेली.

नियम काळजीपोटीच केला असेल. पण करणाऱ्याला कधी एकट्याने सुई टोचून घ्यावी लागली नसावी. एकट्या माणसाने काय करायचं, भाड्याने आणायचा नातेवाईक? वैजयंता सलाइनचे थेंब बघत बसली. त्या दुपारी हॉलमध्ये दुसरं कोणीच नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, ही बाटली संपली की सुई काढायची, घरी जायचं आणि परत यायचं नाही. कोणाला काही सांगायलाही लागणार नाही.

साडेतीनला लाइट गेली.

एसीची घरघर थांबली. पडदे ओढलेले, त्यामुळे हॉल एकदम गढूळ पाण्यासारखा झाला. स्पिरिटच्या वासात दुसरा एक वास मिसळला... सुक्या बोंबलांचा. खारट, उन्हात तापलेला. वैजयंताने सुईवरची चिकटपट्टी सोडवायला घेतली.

"उठू नको."

शेजारच्या खुर्चीत एक बाई होती. साडीचा पदर डोक्यावरून घट्ट, त्याखाली केस नाहीत हे अंधारातही कळत होतं.

"तुम्ही... कधी आलात?"

"मी हिथंच हाय. एकली आलीस?"

"हो."

"घरी सांगितलंस?"

वैजयंताने नकारार्थी मान हलवली.

"मी बी न्हाय सांगितलं," बाई म्हणाली. "सुनेला कशाला तरास... सोबत न्हाय म्हणून तशीच उठले नि गेले. तू उठू नको."

तिने वैजयंताचं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार, आणि पकड अशी की हाड दुखावं. वैजयंताने हात ओढला, पुन्हा ओढला. थेंब पडत होते. बाई नुसती धरून होती. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू वैजयंताच्याच ध्यानात आलं की आपण ओढायचं थांबवलंय. दीड महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी तिचा हात धरला होता. ती रडायला लागली, आणि अंधारात तिने स्वतःच तो गार हात घट्ट पकडला.

"नाव काय तुमचं?"

"सुगंधा. मोरवा गावची, कोळीण."

लाइट आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. कागदावर अंगठा उमटलेला होता. आशाने घाईत तो पाहिला आणि लाल बाटली लावली. संध्याकाळी कागद फाइलला लावताना मात्र तिचा हात थांबला.

"हा कोणी दिला?"

"मोरव्याच्या सुगंधाबाईंनी. शेजारी बसल्या होत्या."

आशाने कागद उजेडात धरला. अंगठ्याच्या मधोमध आडवी रेघ होती, मासळी कापताना झालेल्या जुन्या जखमेची. "हा अंगठा मी ओळखते... तिच्या कागदांवर मीच घ्यायचे. सोबत नाही म्हणून दोनदा परत पाठवली तिला. तिसऱ्यांदा आलीच नाही. गणपतीत वारली."

वैजयंताने मनगट पाहिलं. तिथेही निळा अंगठा होता. मधोमध आडवी रेघ.

त्या रात्री तिने लोकेशला व्हिडिओ कॉल लावला आणि डोक्याचा स्कार्फ काढला. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला.

"ओव्हरटाइम म्हणे," तो म्हणाला. "किती वाजता असते पुढची?"

पुढच्या सगळ्या खेपांना तो आला. लिंबंही तोच कापून द्यायचा, आणि वाकडी कापतोस म्हणून आईची बोलणी खायचा. शेवटची बाटली संपली त्या दिवशी वैजयंता आशाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"ज्याला सोबत नाही, त्याची सोबत मी. दर गुरुवारी. तुमच्या डॉक्टर मॅडमला सांगा, आणि नको म्हणाल्या तर मी इथेच बसते."

मॅडमनी आधी नको म्हटलं. वैजयंता बसली. तीन तासांनी परवानगी मिळाली.

पहिल्याच गुरुवारी जवळच्याच बेव्हर्ली पार्कहून मिनल नावाची मुलगी एकटी आली होती. ऑफिसला कळू दिलं नव्हतं, घर नागपूरला. वैजयंताला गाळ्यातून यायला थोडा उशीर झाला. धापा टाकत ती स्टूल ओढून बसली आणि मुलीचा हात हातात घेतला.

"घाबरू नकोस. मी आहे."

"आता नाही घाबरत, मावशी." मिनल हसली. "तुमच्याबरोबरच्या त्या बाई कुठे गेल्या? त्यांनी सांगितलं, वैजयंता येईपर्यंत मी बसते."

हॉलमध्ये सुक्या बोंबलांचा वास होता. मिनलच्या मनगटावरची निळी शाई अजून ओली होती.

वैजयंताने तिचा हात सोडला नाही. "अजून काय म्हणाल्या?"

"काही नाही... जाताना त्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरून हात फिरवला. म्हणाल्या, ही वैजयंताची खुर्ची कोणाला देऊ नका, ती परत सुई टोचून घ्यायला येणार हाय."